वरचा कागद

"काकू, वरचंच उघडा की! खाली कशाला जाऊन राहिल्यात?"

लातुरात क्लासेसच्या गल्लीत माझं नेट कॅफे होतं आणि हे वाक्य मला तिथं रोज ऐकायला मिळायचं. पोरं म्हणायची, पोरांचे बाप म्हणायचे, एकदा तर पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस शिडीवरून म्हणाला. सर्च मारला, यादी आली, की सगळ्यात वरच्या ओळीवर बोट! त्या बोटाशी मी वीस वर्षं भांडले. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात हे. "थांबा की जरा, खालचं वाचलं तर डोळे झिजतात का तुमचे?" असं मी गिऱ्हाइकावर खेकसायची. तरी गिऱ्हाइकं यायची, कारण लाइट गेल्यावर गल्लीत इन्व्हर्टर फक्त माझ्याकडंच चालायचा.

आता दुकान दुसऱ्याला देऊन मी नांदेडला भावाजवळ राहायला आलेय. या अंकाचे संपादक एके काळी माझ्याच कॅफेत बसून कविता टाइप करून घ्यायचे. ते म्हणाले, "काकू, लिहा की तुमच्या धंद्याबद्दल." म्हटलं, लिहिते, पण तुमच्या कवितांबद्दलही लिहीन. ते कबूल झाले, म्हणून सोडून देते.

आधी हे सर्चचं यंत्र काय करतं ते सांगते. लोकांना वाटायचं, आपण शब्द टाकला की ते त्या क्षणी जगभर धावत सुटतं आणि शोधून आणतं. तसं नसतं. ते आधीच सगळीकडं हिंडून आलेलं असतं. पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची असते ना, तसली एक अवाढव्य सूची त्यानं करून ठेवलेली असते. आपण विचारलं की त्यातून हजारो पानं निघतात आणि मग खरी पंचाईत होते, आधी कोणतं दाखवायचं? इथं ते अंदाज बांधतं. या पानाकडं बोट दाखवणारी दुसरी पानं किती आहेत, लोक कशावर जास्त जातात, विचारणारा कोणत्या गावचा आहे, मागं त्यानं काय काय उघडलं होतं, या सगळ्याचा मेळ घालून ते यादी लावतं. वर बारीक अक्षरांत 'जाहिरात' असं लिहिलेली दोन-चार नावं असतात, ती पैसे भरून वर बसलेली. आणि प्रत्येक नावाखाली ज्या दोन ओळी दिसतात, तो त्या पानाचा सारांश नसतो. आपले शब्द जिथं सापडले तिथून फाडून आणलेला तुकडा असतो. यातलं खरं कुठलं, ताजं कुठलं, हे ते यंत्र छातीठोकपणे सांगत नाही. ते आपलं आपण बघायचं.

हे मी किती जणांना सांगितलं! एक रिटायर्ड तलाठी यायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी त्या चौकटीत लिहिलं, 'महोदय, माझ्या पेन्शनच्या फाइलचे काय झाले ते कृपया कळवावे. आपला विश्वासू.' खाली नावसुद्धा टाकलं. यंत्रानं इमानदारीत अर्जांचे नमुने शोधून दिले. तलाठीसाहेबांनी वरचा उघडला, चष्मा पुसून वाचला आणि मला म्हणाले, "बघा बाई, ऑफिसची तऱ्हा! माझाच अर्ज मला परत पाठवला." मी कपाळावर हात मारला.

दुसरे एका क्लासचे सर. नाव सांगत नाही, माणूस हयात आहे आणि माझ्यापेक्षा तापट आहे. एका सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. म्हणाले, "आपला क्लास नेटवर एक नंबरला आलाय, तोंड गोड करा." सरांच्या घरी नेट नव्हतं, रोज तासभर माझ्या कोपऱ्यातल्या त्याच कॉम्प्युटरवर, स्वतःच्याच खात्यातून, बसून स्वतःच्याच क्लासचं पान उघडायचे. यंत्राला वाटलं, या माणसाला हेच आवडतं, तर दाखवा त्याला हेच आधी. पेढा खाल्ल्यावर मी त्यांना शेजारच्या कॉम्प्युटरवर बसवलं, खातं न उघडता तेच शब्द टाकायला लावले. पहिल्या पानावर सर कुठंच नव्हते. दुसऱ्यावरही नाहीत. तेवढ्यात भोकरहून त्यांच्या मेव्हण्याचा फोन आला, तो म्हणाला, "दाजी, इथं तर तुमचं नावच दिसंना." सर माझ्याकडं असं बघायला लागले की जणू मीच रात्रीतून त्यांचं नाव खोडलं. उरलेले पेढे ते परत घेऊन गेले.

हसण्यावारी नेलं ते सगळं. पण वरच्या कागदाशी माझं वैर कॅफेच्याही आधीचं आहे, आणि ते हसण्यासारखं नाही.

भूकंप झाला तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची होते. माहेर मुदखेडचं, वडील रेल्वेत. लग्न होऊन लातुरात आले होते आणि एका दवाखान्यात टायपिस्ट म्हणून हंगामी लागले होते. भूकंपाच्या दिवशी उजाडल्यापासून गाड्या भरभरून जखमी माणसं येऊ लागली. हेडक्लार्क म्हणाले, "बाई, आलेल्यांची नावं लिहून बाहेर लावत चला, लोक शोधायलेत." मी टाइप करायची, आणि बाहेरच्या फळ्यावर खळ लावून चिकटवायची. फळा लहान होता. नवा कागद आला की जुन्यावर चिकटवायचा ही सगळ्या ऑफिसांची रीतच होती, परीक्षेच्या नोटिसांपासून टेंडरपर्यंत. मीही तेच केलं. आधीच्या कागदावरची माणसं कुठं बरी होऊन घरी गेली होती? ती आतच होती. पण ते माझ्या डोक्यातच आलं नाही. हात आपले सवयीनं चालले होते.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारे आले, माणिकअप्पा. अंगावर धूळ, डोक्याला पटका. घरात मुलगा आणि सून गेली होती, नात सापडत नव्हती. सहा वर्षांची, नाव सुरेखा. फळ्यावरचा कागद त्यांनी एकेका नावावर बोट ठेवून वाचला. मग खिडकीशी येऊन मला विचारलं, "बाई, हेच का समदं?"

मी टाइप करत होते. मान वर न करता म्हणाले, "हाव, हेच."

ते गेले. चौथ्या दिवशी शिपाई फळा धुवायला निघाला, म्हणाला, कागदांचा थर लई झालाय. त्यानं ओले कागद सोलले आणि खालून तिसऱ्यावर मला नाव दिसलं, 'सुरेखा, वय सहा'. धावत वॉर्डात गेले. पायाला प्लास्टर, पोरगी बसून बिस्किट खात होती. मला म्हणाली, "माझा आज्या आला का?" गावाकडं मदतीचे ट्रक जात होते, एका ड्रायव्हरच्या हातात चिठ्ठी दिली, त्याचे अक्षरशः पाय धरले.

माणिकअप्पा संध्याकाळच्या आत आले. मुलगा-सुनेचं करताना डोकं भादरलेलं होतं, आणि त्यांच्याबरोबर त्यांनी नातीच्या नावानंही पाणी सोडलं होतं. त्या बोडक्या डोक्याच्या माणसाला पोरीनं ओळखलंच नाही. घाबरून नर्सच्या मागं लपली. म्हाताऱ्यानं खांद्यावरचा पटका काढला, डोक्याला गुंडाळला आणि म्हणाला, "सुरे, म्या हाय गं." तेव्हा ती हसली. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले. जाताना मी त्यांच्या पाया पडले, म्हटलं, "अप्पा, माझी चूक झाली." ते म्हणाले, "तुमचा कागद खोटा न्हवता बाई. खालचा उचलून बघायचं तुमालाबी सुचलं न्हाई, मलाबी न्हाई."

त्यांनी माफ केलं, मी केलं नाही. जिवंत लेकरासाठी एका म्हाताऱ्यानं पाणी सोडलं, ते माझ्या 'हाव, हेच'वर विसंबून. त्यानंतर मी कधीही कागदावर कागद चिकटवला नाही. कॅफेतसुद्धा फॉर्मच्या तारखा, यादी, जे काही लावायचं ते शेजारी शेजारी. भिंत भरली की दुसरी भिंत. नवऱ्यानं थट्टा करून हात टेकले.

आता राजश्रीची गोष्ट सांगते. लातूरच्या क्लासेसची तेव्हा नुसती जत्रा होती. गावोगावची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन यायची, दोन वर्षं खोलीत कोंडून घ्यायची, आणि दर आठवड्याला क्लासच्या फळ्यावर चाचणीची यादी लागायची. नवी यादी जुनीवर. त्यामुळं या गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली: वरचा कागद म्हणजे आजचा कागद.

राजश्री मुखेडजवळच्या एका खेड्यातली. आई कुशावर्ताबाई तिथं अंगणवाडीत सेविका. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दोघी माझ्या दारात उभ्या. पोरीचे डोळे सुजलेले, आईच्या हातात कागदांची पिशवी घट्ट धरलेली.

"ताई, एक अर्ज लिहून द्या," कुशावर्ताबाई म्हणाल्या. "पोरीचा मेडिकलला नंबर लागलाय नांदेडला. पर मुदत काल संपली म्हनं. दया करा म्हनून लिहा."

यादी परवाच लागलेली. त्या दोघींना गावात शेजाऱ्यानं फोनवरून सांगितलं, म्हणून आज पहिल्या गाडीनं लातूरला आल्या, ज्युनिअर कॉलेजातून मूळ कागदपत्रं उचलली आणि हजर व्हायची तारीख कोणती ते बघायला मैत्रिणीच्या मोबाइलवर सर्च मारला. सगळ्यात वर नोटीस आली, खाली दोन ओळी: मूळ कागदपत्रांसह अमुक तारखेपर्यंत उपस्थित राहावे, अन्यथा प्रवेश रद्द समजण्यात येईल. ती तारीख कालची होती. मैत्रिणीनं त्या पडद्याचा फोटो आईच्या फोनमध्ये काढून दिला होता, तो राजश्रीनं मला दाखवला. मी बघितला. आणि खरं सांगते, लाज वाटते सांगायला, मीही मान हलवली. एका दिवसात कुठं मुदत संपते, अशी शंका मला यायला हवी होती. पण वाटलं, सरकारी कारभार, काहीही होऊ शकतं.

"दोन वर्सं या पोरीनं निवांत केस इंचरले न्हाईत ओ," कुशावर्ताबाई सांगत होत्या. "आता म्हनती, पुन्हा बसनार न्हाई. समद्या वह्या मैतरनीला देऊन आली."

मी राजश्रीकडं बघितलं. ती भिंतीकडं बघत होती. वह्या देऊन मोकळी झाली होती, म्हणजे तिनं मनातून पाणीच सोडलं होतं.

मी टाइप करायला घेतलं. प्रति, मा. अधिष्ठाता. विषय, प्रवेशासाठी उपस्थित राहण्यास झालेल्या विलंबाबाबत. आणि पुढं आलं संदर्भ. दवाखान्यातल्या हेडक्लार्कनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, ज्या नोटिशीबद्दल लिहितोय तिचा नंबर टाकल्याशिवाय अर्ज टेबलावरून पुढं सरकत नाही. फोटोत नंबर नव्हता. म्हणून मी सर्च मारला. तीच यादी आली, वर तीच नोटीस. या वेळी मी तिच्याखालच्या दोन ओळी वाचत बसले नाही, नोटीसच उघडली. वाकडातिकडा स्कॅन केलेला कागद, त्यावर शिक्का, नंबर. नंबर उतरवून घेतला, आणि नंबराच्या शेवटी तिरकी रेघ मारून वर्ष होतं.

मागचं वर्ष.

"अगं माय!" मी एवढ्या जोरात ओरडले की केबिनमधली पोरं उठून उभी राहिली. "राजश्री, ही गेल्या वर्षीची नोटीस आहे! वर्ष बघ, वर्ष!"

पोरीला काही कळेना. "पण काकू, वरचंच असतंय ना आजचं? आमच्या क्लासमधी तर तसंच असतंय."

"ते क्लासमध्ये! इथं वर्षभर ज्यावर सगळ्यांनी बोट ठेवलं ते वर बसतं. नवी नोटीस परवा लागली असेल, तिला अजून कोण ओळखतंय?"

यादीच्या वर एक सोय असते, कोणत्या काळातलं दाखवायचं ते निवडता येतं. मी मागचा आठवडा निवडला. जुनं सगळं गळून गेलं. चार-पाच नावं राहिली, त्यात एक आमचंच, यंदाच्या वर्षाचं. ते उघडलं. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मग प्रवेश देणाऱ्या सरकारी खात्याच्या स्वतःच्या पानावर गेले, तिथल्या सूचनांत तीच नोटीस, तोच नंबर. मी दोघींना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. मुदत उद्या संध्याकाळी पाचपर्यंत होती.

कुशावर्ताबाई मटकन खाली बसल्या. "उद्या? म्हंजे हाय का अजून?"

"आहे! उठा, बसू नका! बस गाठायचीय."

राजश्री हसतही नव्हती, रडतही नव्हती. ती माझ्या खुर्चीमागून पडद्याजवळ आली आणि त्या वर्षाच्या आकड्यावर बोट ठेवून उभी राहिली. माणिकअप्पांचं बोट मला आठवलं. तेव्हा मी तिला सांगितलं, थोडक्यात, भूकंपातला तो फळा, तो पटका, 'हाव, हेच'. ती ऐकत होती आणि माझ्या भिंतीवर शेजारी शेजारी लावलेले कागद बघत होती. एवढंच म्हणाली, "म्हणून असं हाय का इथं? आम्ही हसायचो तुम्हाला."

"हसा की. आता वह्या परत घेऊन ये."

"आता कशाला लागतात वह्या?" असं म्हणून ती पहिल्यांदा हसली.

कागदपत्रांच्या झेरॉक्स काढल्या, क्रमानं लावून दिल्या. नांदेडला भावाला फोन केला, "दोघी येताहेत. जेवायला घाल, उद्या सकाळी कॉलेजच्या दारापर्यंत सोड, आणि आत गेल्याशिवाय परत फिरू नकोस." भाऊ म्हणाला, "कोण आहेत?" म्हटलं, "ते आल्यावर विचार." दुपारच्या एसटीत मी स्वतः त्यांना बसवून आले. तो अर्धवट अर्ज कॉम्प्युटरवर तसाच होता. मी तो पुसला नाही, उद्यापर्यंत राहू दे म्हटलं. माझा भरवसा माझ्यावरच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कुणी काही विचारलं तरी मी हो-नाही एवढंच बोलत होते. बाराला पाच कमी असताना फोन वाजला. कुशावर्ताबाईच होत्या. मागं लई कालवा होता. "ताई, घेतलं हो पोरीला! सही झाली, शिक्का बी मारला!" माझा जीव भांड्यात पडला. मी फोन ठेवला, अर्ज पुसला आणि केबिनमधल्या सगळ्या पोरांना चहा पाजला. कशाचा चहा ते त्यांना कळलं नाही, पण चहाला कोण नाही म्हणतंय?

पुढं राजश्रीचा दसऱ्याला फोन यायचा, नंतर तो राहिला. मोठी होताना पोरं राहून जातातच, त्यात राग कसला? मी दुकान सोडलं, नांदेडला आले, आणि गेल्या वर्षी डोळ्यांत मोतीबिंदू झाला. वीस वर्षं पडद्याकडं बघितल्याचं फळ. ऑपरेशनसाठी एका दवाखान्यात नाव घातलं. भाऊ सोबत होता.

सकाळी दहाला गेलो, तर बाहेर ही गर्दी. ज्यांचं ऑपरेशन व्हायचं त्यांची नावं भिंतीवर लावलेली. मी मोतीबिंदूच्या डोळ्यांनी पुढं झाले आणि थांबले. चार कागद होते, एकावर एक नाही, शेजारी शेजारी, प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत तारीख आणि वर्ष. कोपऱ्यात लिहिलेलं, सगळे कागद वाचावेत.

तिथल्या सिस्टरला मी विचारलं, "हे असं कुणी लावायला सांगितलं?"

"आमच्या एक मॅडम होत्या ना, राजश्री मॅडम. कागदावर कागद लावला की लई ओरडायच्या," सिस्टर म्हणाली. "आता पुढच्या शिक्षणाला गेल्यात. आम्हाला मात्र सवय लागली. काय झालं काकू, नाव सापडेना का? डोळ्यांत पाणी कशानं आलं?"

"मोतीबिंदू," मी म्हटलं.

भाऊ मला मागं ओढत होता, "तू बस, मी बघतो." मी त्याचा हात झटकला. पहिला कागद वाचला, त्यात नव्हते. दुसऱ्यात नव्हते. माझं नाव तिसऱ्या कागदावर होतं, खालून दुसरं.